गेले नाही म्हणायचं

बस थांबली तसा म्हातारा बागमालक फाटकातून पुढे आला आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड न्याहाळू लागला. पोरं उतरली, नवे सर उतरले, शेवटी मी. माझ्यामागे कुणी नाही हे बघून त्याने बसमध्ये डोकं घातलं. सीटखाली वाकून बघायचा तेवढा राहिला.

"मास्तर?" त्याने विचारलं.

मास्तर म्हणजे माझे बाबा. कृषी महाविद्यालयात फळझाडं शिकवायचे आणि दर वर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलांना परदेशातल्या या सफरचंदाच्या बागेत अभ्यासदौऱ्यावर आणायचे. त्यांना जाऊन तीन महिने होत आले होते. मी त्याच महाविद्यालयात ग्रंथपाल. झाडांतलं मला ओ की ठो कळत नाही, पण मुलींसोबत एक बाई हवी म्हणून मला पाठवलेलं. बागमालकाला कॉलेजने कळवलं असेल असं मी धरून चालले होते. मी कळवलं असेल असं कॉलेज.

"या त्यांच्या कन्या," नवे सर म्हणाले.

"नाक तोच!" म्हातारा खूश झाला. मराठी त्याला बाबांनी शिकवली होती, लिंग-वचनाच्या फंदात न पडता.

"काका, बाबा गेले," मी म्हणाले.

"कुठे?"

त्याने हसून बोट हलवलं. "गेले नाही म्हणायचं. येतो म्हणायचं. मास्तर शिकवला."

हे बाबांचंच. घरातून कुणी 'जातो' म्हणून निघालं की त्याला दारातून परत बोलावून 'येतो' म्हणायला लावायचे. पण म्हाताऱ्याला कळलंय आणि तो माझी समजूत काढतोय, की त्याला काहीच कळलेलं नाही? मला ठरवता येईना. तोवर तो पोरांना हाकत घरात घेऊन गेलाही होता.

स्वयंपाकघराच्या दाराशी रबरी बुटांची रांग होती. एक जोडी तेवढी वेगळी, धुऊन पुसून खुंट्यांवर उलटी टांगलेली.

"मास्तरचा बूट," तो म्हणाला.

बाबांचेच होते. डाव्या बुटाची टाच बाहेरून झिजलेली, घरच्या चपलेसारखी.

"मॅडम, राहू द्या ना," नवे सर माझ्या कानाशी म्हणाले. "परत गेल्यावर ईमेल टाकू. उगाच सगळ्यांचा मूड जाईल."

"आणि हे काका दर वर्षी बूट धूत बसतील," वर्गाची प्रतिनिधी, सीआर, म्हणाली.

"तू तुझी प्रश्नावली काढ गं," सर तिला म्हणाले.

चहा ओतला गेला. एक कप जास्तीचा भरून त्याने टेबलाच्या टोकाला ठेवला, तेव्हा मी पुन्हा सुरुवात केली.

"काका, बाबा वारले."

त्याने खिडकीतून फांद्यांकडे पाहिलं. "वारा? आज नाही."

"देवाघरी गेले."

"देऊळ! चांगला. मग येतो."

"आम्हाला सोडून गेले हो, काका."

आता मात्र त्याचा चेहरा उतरला. माझ्याकडे झुकून, पोरांना ऐकू जाऊ नये अशा बेताने आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं, "मास्तर? दुसरी बाई?"

मागे कुणाला तरी ठसका लागला. सीआरने त्याच्या पाठीत धपाटा घातला. मलाही हसू आवरेना. घरी गेल्यावर बाबांना हे सांगायला हवं, असं मनात येऊनसुद्धा गेलं.

माझा जन्म पुस्तकांत गेला. निवर्तले, कैलासवासी झाले, सगळं डोक्यात होतं, आणि त्या प्रत्येक शब्दात बाबा कुठे ना कुठे निघालेलेच होते. तीन महिने मीही लोकांना तेच सांगत आले होते.

चहानंतर तो आम्हाला कलमांच्या शेडमध्ये घेऊन गेला. पोरं टेबलाभोवती जमली. म्हातारा चाकूच्या टोकाने रोपाची साल किंचित खरवडायचा. आत हिरवं दिसलं की, "हे जगला." तपकिरी दिसलं की, "हे मेला," आणि रोप टोपलीत. हे शब्दही बाबांनीच दिलेले असणार. थोड्या वेळाने पोरंही त्याच्याबरोबर म्हणू लागली. हे जगला. हे मेला.

मी ऐकत उभी होते. हा शब्द आपण झाडाला वापरतो, डासाला वापरतो, नाहीतर शिवी म्हणून. आपल्या माणसाला कुणी लावत नाही. डॉक्टरांनीही लावला नव्हता.

"ही सगळा मास्तर बांधला," कलमांच्या रांगेवरून हात फिरवत तो म्हणाला. "आता येतो, बघतो."

"काका."

नव्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. सीआरने हातातल्या कागदाकडे.

"बाबा मेले."

म्हाताऱ्याने हातातल्या रोपाकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याने चाकू मिटला. तो ठेवायला खिसा काही त्याला लवकर सापडेना.

"मास्तर मेला?"

"मेला नाही," माझ्या तोंडून निघालं, थेट बाबांच्या सुरात. "मेले म्हणायचं. मोठ्या माणसाला मेले."

"मेले," तो म्हणाला.

"बरोबर."

त्याने टेबलाखालचं बाकडं पायाने बाहेर ओढलं. आधी मी बसले, मग तो.