मेलेला माणूस चहा आणत नाही

या मित्रांनो, बसा. घाबरू नका, मी मोडत नाही. मी एक जुना बाक आहे. लाखांदूरच्या अलीकडे, एका तलावाच्या पाळीखाली पाटबंधारे खात्याचं छोटंसं ऑफिस आहे. त्या ऑफिसात साहेबांच्या दाराबाहेर माझी जागा. शेजारी पाण्याचा माठ, वर एक पंखा, तोही मनात आलं तरच फिरणारा.

मी आंबागडकडच्या जंगलातल्या बिजा नावाच्या झाडाच्या लाकडाचा आहे. आजकालच्या प्लायवूडसारखा फुसका नाही, बरं का! सुतारानं मला घडवलं, रंधा मारून गुळगुळीत केलं आणि माझ्यावर थाप मारून म्हणाला, "तीन मानसं आरामात बसतीन. चवथा बसला तं दोस्ती होईन." ऑफिसात आलो त्याच दिवशी एका बाबूनं माझ्या पायावर पांढऱ्या रंगानं 'डेड स्टॉक' असं लिहिलं. सरकारी सामानाला तसंच म्हणतात. म्हणजे बघा, कामाला लागायच्या आधीच मी मेलेला! मला त्याचं काही वाटलं नाही. मी पडलो लाकूड. पण माणसाचं तसं नसतं, हे मला फार उशिरा कळलं.

माझ्यावर तीन शिपाई बसायचे. पुंडलिकराव भिंतीला टेकून डुलक्या घ्यायचे, मधुकरराव तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसायचे, आणि दाराकडच्या टोकाला श्यामराव. साहेबांची घंटी वाजली की उठायचे श्यामरावच. बाकी दोघे एकमेकांकडे बघायचे. एकदा नागपूरचे मोठे साहेब आले होते. त्यांनी माझ्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "काय लाकूड आहे! आता असं मिळत नाही." त्या दिवशी मी नुसता फुगलो होतो.

मग सरकारी खर्च कमी करायचं ठरलं. पुंडलिकराव रिटायर झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मधुकरराव गेले, त्यांच्याही जागी कोणी नाही. उरले श्यामराव. आख्खा बाक रिकामा, तरी ते आपले दाराकडच्या टोकालाच बसायचे. मधल्या जागेवर पाय पसरावेत, असं त्यांना कधी वाटलं नाही.

आतही तीच गत. भूपेंद्र साहेब तरुण, स्वभावानं बरे, पण दोन शाखांचा भार एकट्यावर. रीता मॅडमकडे दोन टेबलं. चंद्रकुमार हा कंत्राटी, कॉम्प्युटरवर बसणारा. टायपिंग त्याचं, झेरॉक्स त्याची, फोनही त्याचाच. कामं तेवढीच आणि हात कमी, मग काय होणार? भांड्याला भांडं लागायला लागलं. पंखा कोणाकडे वळवायचा यावरून भांडण, गोंद कोणी संपवला यावरून भांडण. सगळे थकले होते आणि ज्याचा त्याचा राग दुसऱ्यावर निघत होता.

अशात एक दिवस वरून आदेश आला. चंद्रकुमारनं तो मोठ्यानं वाचला, "शिपाई हे पद मृत संवर्ग म्हणून घोषित करण्यात येत आहे."

"म्हंजे काय रे?" रीता मॅडमनी विचारलं.

"म्हंजे श्यामकाका रिटायर झाले का पदबी संपलं. नवीन मानूस भेटणार नाही." एवढं सांगून थांबला असता तर बरं होतं. पण पोराच्या जिभेला हाड नाही. तो म्हणाला, "आतापासून काकाले कै. श्यामराव म्हणाव लागन, मॅडम!"

मॅडम खो खो हसल्या. आतून साहेबांचं हसणंही ऐकू आलं. आणि श्यामराव चहाचा ट्रे घेऊन दारातच उभे होते.

ट्रे त्यांनी माझ्यावर ठेवला आणि बाजूला बसले. चहा तसाच निवून गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी घंटी वाजवली. श्यामराव हलले नाहीत. पुन्हा वाजली, पुन्हा वाजली. शेवटी साहेबच बाहेर आले.

"श्यामराव, घंटी ऐकू नाही आली का?"

"आली जी."

"मग?"

"मेलेला मानूस उठते का साहेब? मेलेला मानूस चा आनते का? कागदच सांगून राहिला का मी मेलो."

साहेबांना वाटलं, गंमत करताहेत. अहो, कसली गंमत! श्यामराव रोज वेळेवर यायचे, धुतलेला गणवेश घालून ताठ बसायचे आणि संध्याकाळी वेळेवर घरी जायचे. मधल्या वेळात बोटसुद्धा हलवायचे नाहीत. मला तर त्यांच्या बसण्याचं ओझं वाटायला लागलं. इतकी वर्षं बसले, कधी वाटलं नव्हतं.

ऑफिसचं गाडं रुतलं. माठ कोरडा पडला. कचरा दारापर्यंत आला. उन्हाळी धानाचे दिवस होते. कालव्याच्या पाण्यासाठी अर्ज घेऊन शेतकरी दारात ताटकळायचे, पण त्यांचे कागद आत नेणार कोण?

"झाडू मारायले मी बी.कॉम. केलं का?" रीता मॅडम कडाडल्या.

"अन् मी कायले मारू? मले कॉम्प्युटरसाठी घेतलं," चंद्रकुमार म्हणाला. "तुमी तं परमनंट आहा ना!"

मग काय, दोघांची चांगलीच जुंपली. बाहेरच्या शेतकऱ्यांना फुकटात तमाशा मिळाला. तू तू मैं मैं करता करता 'मृत', 'मेला', 'कै.' हे शब्द इतक्यांदा उडाले की ऐकणाऱ्यांचीही गफलत झाली. त्या गफलतीचं पुढं काय झालं ते सांगतोच.

साहेबही चिडले. त्यांनी नोटीस काढली आणि स्वतः बाहेर येऊन श्यामरावांच्या पुढं धरली. श्यामराव शांतपणे म्हणाले, "मेलेल्याले नोटीस नाही देत साहेब. मेलेल्याची तेरवी करतेत."

साहेबांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "अहो, पद मेलं. तुम्ही नाही मेले."

"पद म्हंजे मीच ना जी? गावात मले श्यामराव कोन म्हनते? लहान लेकरूबी शिपाईजी म्हनते. माह्या पोरीच्या लग्नाच्या पत्रिकेतबी तसंच छापलं होतं." ते नोटिशीकडं न बघता पुढं म्हणाले, "सोमवारी मी अर्ज देतो. नोकरी सोडतो. पद मेलं तं मानूस कायले ठेवता?"

मित्रांनो, या माणसाची उमेदीची सगळी वर्षं याच दाराशी गेली होती. अजून काही वर्षं नोकरी बाकी होती आणि तो असा मान खाली घालून जाणार, पुन्हा इकडं फिरकणारसुद्धा नाही. थांबा म्हणायला मला तोंड नव्हतं, धरून ठेवायला हात नव्हते.

सोमवारी श्यामराव आले. त्यांच्या आधीच फाटकातून त्यांची बायको रंभाबाई तरातरा आत शिरली. मागून तिचा भाऊ बाबूलाल, खाली मान घालून, काखेत पांढऱ्या कापडाचं गाठोडं घेऊन.

"कोन म्हनलं?" रंभाबाईनं दारातूनच विचारलं. "माह्या मालकाले मेला कोन म्हनलं?"

मागून आलेले श्यामराव आपल्या टोकाला बसले. मग ती मटकन माझ्यावर बसली आणि रडत रडत सांगायला लागली. झालं होतं असं. ते भांडण ऐकलेला कोणी शेतकरी लाखांदूरच्या बाजारात बोलला की श्यामराव शिपाई मृत झाले म्हणे. बातमी बाबूलालच्या कानावर गेली. तो बिचारा त्या सकाळी पहिल्या एसटीनं कफनाचं कापड घेऊन बहिणीच्या अंगणात आला आणि हंबरडा फोडला.

"मी चुलीपाशी होती," रंभाबाई म्हणाली. "इचारलं, का झालं रे दादा? तं म्हनते, भाऊजी गेले ना बाई! माहे हातपायच गळले. सारा मोहल्ला गोळा झाला. बाया माह्या गळ्यात पडून रडून राहिल्या. अन् हे मांगच्या दारी दात घासून राहिले!"

"मले काय मालूम बाई," बाबूलाल पुटपुटला. "लोकं बोलले तं मी आलो."

एरवी कोणी पोट धरून हसलं असतं. पण रंभाबाईच्या कपाळावरचं कुंकू रडून रडून पसरलं होतं. ते बघून कोणाला हसू येणार?

साहेब पुढं आले. त्यांनी हात जोडले. "काकी, त्या दिवशी मीही हसलो होतो. थांबवायला पाहिजे होतं मी. त्यात आणखी नोटीस काढली. माझं चुकलं."

चंद्रकुमार भिंतीशी उभा होता. तो श्यामरावांच्या पाया पडायला वाकला, तसं रंभाबाईनं त्याला अडवलं. "पाया नोको पडू. ज्या तोंडानं कै. म्हनलं ना, त्याच तोंडानं म्हन, का शंभर वर्ष जगा."

"शंभर वर्ष जगा काका," चंद्रकुमार म्हणाला आणि त्याचा बांध फुटला. "माह्या मनात तसं नव्हतं जी. मी तं लय भेऊन राहिलो. तुमचं पद मारायले निदान कागद तं आला. मले कागदबी लागत नाही. एक फोन येईन, उद्यापासून येऊ नोको म्हनून. घरी लहान पोरगी हाय, टीना. फोन वाजला का माही छाती धडधडते. त्याच भेवानं काहीबाही बोलून जातो."

श्यामराव उठले. मित्रांनो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते घरी जायची वेळ झाली नसताना, कोणी न बोलावता माझ्यावरून उठले. त्यांनी चंद्रकुमारच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "रडू नोको. खोटी मरनाची बातमी आली का आयुष्य वाढते. तुह्या तोंडानं माहं वाढलं. चा ठेवतो, घेतं ना?"

"अन् माह्या कापडाचं काय करू?" बाबूलालनं हळूच विचारलं.

"पायजमा शिव!" रंभाबाई खेकसली, आणि डोळे पुसता पुसता स्वतःच हसली. मग सगळेच हसले. नोकरी सोडायचा अर्ज श्यामरावांनी दिलाच नाही.

साहेबांनी त्या दिवशी घंटी उचलून कपाटात टाकली. काम असेल तेव्हा ते दारापर्यंत येऊन "श्यामराव" अशी हाक मारायला लागले. झाडू आळीपाळीनं ठरला, त्यात साहेबांचीही पाळी. दर सोमवारी सगळे माझ्याभोवती जमायचे आणि कोणाला काय झेपत नाही ते सांगायचे. जे काम एवढ्या माणसांत होणारच नाही, ते साहेब वर स्पष्ट कळवायचे. माणसं काही वाढली नाहीत. भांडणंही अगदीच थांबली असं नाही, खोटं कशाला बोलू? पण आजचं भांडण उद्यावर जात नव्हतं.

उन्हाळी धानाची कापणी झाली आणि चंद्रकुमारचा फोन वाजला. उद्यापासून येऊ नको. त्यानं कॉम्प्युटरवरचा टीनाचा फोटो काढून पिशवीत ठेवला. रीता मॅडमचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "शेवटी तुझंबी पद मृत..."

"मॅडम!" श्यामरावांचा इतका चढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "जित्या मानसाले तो शब्द नोको."

श्यामरावांनी चंद्रकुमारच्या हातातली पिशवी घेतली. "साहेब, याले गाडीत बसवून येतो. एकटा नाही जाऊ देत याले."

"जा," साहेब म्हणाले. "दार मी बघतो."

दोघं फाटकातून बाहेर पडले. श्यामरावांचा हात पोराच्या खांद्यावर होता. साहेब त्यांच्याकडं बघत उभे राहिले आणि मग हळूच माझ्यावर बसले, दाराकडच्या टोकाला, श्यामरावांच्या जागेवर. त्यांनी एकदा डोळे पुसले.

तेवढ्यात उन्हातून एक म्हातारा शेतकरी आला. साहेबांना तो ओळखत नव्हता. "साहेब हायेत का जी आत?" त्यानं विचारलं.

"भेटतील. बसा बाबा," म्हणून साहेब उठले आणि पाण्याचा गिलास भरून घेऊन आले.

म्हातारा पाणी प्याला. साहेबांकडं नीट बघून समाधानानं म्हणाला, "नवीन शिपाई का जी तुमी? बरं झालं. सरकारनं येक मानूस तं देला!"

साहेब हसले नाहीत. "हो बाबा," एवढंच म्हणाले आणि त्याचा अर्ज हातात घेतला.

मित्रांनो, तुम्ही कधी अशा ऑफिसात गेलात, तर माझ्यासारख्या बाकाला लाथ मारू नका, चाकूनं नावं कोरू नका. आणि त्याच्यावर बसलेल्या माणसाला आधी त्याचं नाव विचारा. नाव घेऊन हाक मारली की तो तुमच्यासाठी उठून येतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.