चौथ्या मजल्यावरची सरळ भिंत

मित्रांनो, माझ्या पोटात हवेचा एक बुडबुडा आहे आणि त्याच्याच जिवावर मी आजवर मान मिळवला. मी गवंडीकामातली जुनी लेव्हल. हातभर लांबीची पट्टी, तिच्यात काचेच्या दोन नळ्या, एक आडवी, एक उभी. नळीत हिरवट पाणी. कारखान्यात ते भरणाऱ्या बाईने थोडी हवा मुद्दाम आत ठेवली. काठोकाठ भरली असती तर मी मुकीच राहिले असते. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध बसला, की समजायचं काम सरळ आहे.

मिस्त्रींनी मला दुकानात पारखून घेतलं. फळीवर ठेवलं, मग तोंड फिरवून पुन्हा ठेवलं. दोन्ही वेळा बुडबुडा मधेच. "ही खोटं बोलणार नाही," ते म्हणाले. असं एखादं वाक्य कुणी आपल्याबद्दल बोललं, की जन्माला पुरतं.

एकोणीस वर्षं आम्ही भिंती उभ्या केल्या. संध्याकाळी थापी धुऊन झाली, की मिस्त्री मला कोरड्या फडक्याने पुसायचे. बांधकामावरचे इंजिनिअरसाहेब म्हणायचे, "मिस्त्री, तुमची भिंत तपासायलाच नको." मिस्त्री हसून म्हणायचे, "तपासा साहेब. तुमच्या विश्वासावर छत टिकत नाही." कधी वर बघून म्हणायचे, "खांबाशिवाय एवढं आभाळ उभं केलं, तो खरा मिस्त्री. आपण त्याचे बिगारी."

मग मंदी आली. मंदी म्हणजे काय ते मला धड कळत नाही. घरं विकली जाईनात, म्हणून बांधणारे थांबले, एवढं कानावर आलं. एका सकाळी ठेकेदाराने सगळ्यांना गोळा केलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मिस्त्रींची चौथ्या मजल्यावरची भिंत तेव्हा छातीपर्यंत आली होती.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. मिस्त्रींनी घरातली फळी सरळ केली, खाटेचा पाय कापला. मग ते दिसेल ते मोजू लागले. शेजारणीला म्हणाले, "वहिनी, तुमची पायरी एका बाजूने दीड सूत खाली आहे." ती म्हणाली, "असू द्या भाऊजी, माझा नवरा पण थोडा तिरकाच आहे." सगळे हसले, मिस्त्री सोडून.

दर रविवारी त्यांचे मेहुणे यायचे. चप्पल काढता काढता विचारायचे, "काय दाजी, लागलं का काही?" मनाने वाईट नव्हते ते. पण तोच प्रश्न वाण्याने विचारला, न्हाव्याने विचारला, जिन्यात भेटेल त्याने विचारला. मिस्त्रींनी आधी न्हाव्याकडे जाणं सोडलं, मग जिना उतरणं. ताट तसंच परत जाऊ लागलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला खाटेखाली सारलं होतं. माझ्यावर धूळ बसली, आणि त्यांच्यावर काय बसत होतं ते कुणाला दिसत नव्हतं.

एक दिवस ते बायकोला म्हणाले, "माझी भिंत वाकडी गेली असणार. म्हणूनच मला काढलं."

"अहो, सगळ्यांनाच काढलं ना! प्लंबरलाही काढलं. तो काय भिंत बांधत होता?"

"त्याचं मला सांगू नकोस."

त्या दुपारी त्यांनी मला बाहेर ओढलं, न पुसताच, आणि बंद पडलेल्या इमारतीकडे निघाले. तिथे आता एकटे वॉचमनकाका उरले होते. मिस्त्री त्यांच्याशी एक शब्दही न बोलता चार मजले चढले आणि मला त्या अर्ध्या भिंतीवर ठेवलं. बुडबुडा मधोमध. तोंड फिरवलं, मधोमध. उभं धरलं, तरी मधोमध. सूतभरही फरक नव्हता. मला वाटलं, आता माझा धनी हसणार!

ते मटकन खाली बसले. "सरळच आहे," पुटपुटले. "मग मला का?"

तेव्हा मला उमगलं. भिंत वाकडी असती, तर ती पाडून नीट करता आली असती. चूक हाताशी धरून ते इतके दिवस तगले होते. माझ्या खरेपणाने त्यांचा तोही आधार काढून घेतला. ते उठले आणि मजल्याची जी बाजू अजून उघडीच होती, तिकडे चालू लागले. मी भिंतीवर पडून राहिले. देवाला हाक मारायची तर मला आवाज कुठला?

"मिस्त्री!" धापा टाकत वॉचमनकाकांनी जिन्यातून हाक मारली. "इकडे या आधी. तुमच्यापायी चार मजले चढलो, माझे गुडघे गेले. आता मला उतरवायचं काम तुमचं."

मिस्त्री थांबले. मग येऊन त्यांनी काकांचा हात धरला.

एकेक पायरी करत दोघे उतरू लागले. पुढचं मी नंतर काकांच्या तोंडून ऐकलं. कामाचं काकांनी विचारलंच नाही. दुसऱ्या मजल्यावर टेकले तेव्हा म्हणाले, "झोप लागते का हो तुम्हाला?"

मिस्त्री ढसाढसा रडले. "नाही लागत, काका. मला जगावंसंच वाटत नाही."

"बरं झालं बोललात," काका म्हणाले. हात त्यांनी सोडला नाही. "देवाने जीव दिला तो काय कामापुरता दिला? घरी फोन लावू. बायकोसमोर हे असंच सांगा."

दुसऱ्या दिवशी बायको त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा आजार आहे, याला औषध आहे, आणि एकट्याने राहायचं नाही. काम अजून लागलेलं नाही. काही सकाळी मिस्त्री अजूनही उठत नाहीत. मग बायको खाटेवर त्यांच्याजवळ बसून राहते. मला काकांनीच घरी आणून दिलं.

मित्रांनो, मी भिंतीतला सूतभर फरक ओळखते. पण माझा धनी आतून ढासळत होता, ते मला ओळखता आलं नाही. तुमच्या घरी, शेजारी कुणाचं काम सुटलं असेल, तर त्याला भेटायला जा. काम लागलं का, हे त्याला रोज दहाजण विचारतात. तुम्ही त्याच्या शेजारी बसा, झोप लागते का विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.