दोन पेल्यांचा निळा जग

मित्रांनो, पुण्यातल्या एका घरात काचेची दारे असलेले एक कपाट आहे. त्याच्या मधल्या फळीवर, अगदी दिव्याखाली, निळ्या काचेचा एक जुना जग ठेवलेला आहे. एका बाजूला गुलाबी पेला, दुसऱ्या बाजूला हिरवा. तो जग म्हणजे मी. जग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पृथ्वीचा गोल आला असेल, पण मी आपला सरबत ओतायचा जग. माझे पोट फुगीर आहे, कान वळणदार आहे आणि चोचीजवळ एक बारीकसा टवका उडालेला आहे. घरात पाहुणे आले की त्यांना आधी माझ्यासमोर आणतात. माझ्यावर धूळ बसू देत नाहीत. मुलांना माझ्या जवळपास चेंडू खेळू देत नाहीत. इतका मान मिळूनही माझे मन इथे रमत नाही. का, ते सांगतो.

माझा जन्म देश स्वतंत्र होण्याच्या आधीचा. काचेच्या कारखान्यात भट्टीतून लालभडक गोळा काढला, एका कारागिराने लांब नळीतून फुंक मारली आणि माझे पोट आकाराला आले. थंड झाल्यावर मी निळा निघालो. माझ्यासोबत सहा पेले दिले होते, प्रत्येक वेगळ्या रंगाचा. गवतात गुंडाळून आम्ही रेल्वेने कुर्डुवाडीला आलो आणि तिथून बैलगाडीने परंड्याला. अत्तर विकणाऱ्या एका चाचांनी आम्हांला घरी नेले. रमजानच्या महिन्यात चाची माझ्यात गुलाबाचे सरबत करायच्या. गल्लीतली माणसे यायची, प्यायची, ओठ पुसत दुवा द्यायची. ती माझ्या सुखाची वर्षे. पुढे घरोघरी स्टील आले आणि काचेची भांडी कुणाला नकोशी झाली. चाचा गेले, मुले सोलापूरला गेली. चार पेले फुटले. आम्ही उरलेले तिघे माळ्यावर पडून राहिलो आणि शेवटी भंगारवाल्याच्या पोत्यात गेलो.

तो मोठा दुष्काळ तुम्ही पाहिलेला नाही. बहात्तर साल कोरडे गेले होते. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्री यात्रा भरली, तेव्हा भंगारवाल्याने रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून आम्हांला मांडले. माणसे आमच्याकडे बघतसुद्धा नव्हती. घरात दाणा नाही, तिथे काचेचा जग कोण घेणार? इतक्यात दोन बायका समोर येऊन थांबल्या. दोघींच्या हातांना खडी फोडून घट्टे पडले होते. एकीचे नाव चांगुणा, दुसरीचे सरुबाई.

त्या दोघींची मैत्री कशी जमली, ते मला पुढे चांगुणाच्या तोंडून कळले. दोघी एकाच गावच्या. चांगुणा बौद्धवस्तीत राहायची. सरुबाई शेतकऱ्याच्या मोठ्या घरातली, आबारावांची बायको. एरवी दोघींची वाट कधी एक झाली नसती. पण विहिरी आटल्या, बैल विकले गेले आणि सरुबाईलाही गावाबाहेर तलावाच्या दुष्काळी कामावर यावे लागले. मुकादमाने दोघींना एकाच ढिगाऱ्यावर खडी फोडायला बसवले. पहिल्या पहिल्यांदा सरुबाई पाठ करून बसायची. एका दुपारी तिला भोवळ आली. पाण्याचा टँकर आला नव्हता. चांगुणाच्या कळशीत तळाला थोडे पाणी होते. चांगुणा घुटमळली. आपल्या हातचे पाणी ही घेईल का, तिला कळेना. मग तिने ओंजळ भरून सरुबाईच्या तोंडाशी धरली. सरुबाईने डोळे उघडले, ओंजळ कुणाची आहे ते पाहिले आणि ती ओंजळ दोन्ही हातांनी धरून शेवटच्या थेंबापर्यंत पाणी पिऊन घेतले. त्या दिवसापासून दोघींची कळशी एक झाली. रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीची तांबडी भाकरी दोघी अर्धी अर्धी खाऊ लागल्या. चांगुणा तिला 'सरू' म्हणू लागली.

यात्रेला दोघी बरोबरच आल्या होत्या. सरुबाई देवीच्या दर्शनाला आणि चांगुणा बाजार बघायला. बौद्ध झाल्यापासून चांगुणाच्या घरी देवदेव सुटला होता, पण बाजाराची हौस सुटली नव्हती. तिने मला उचलून उन्हात धरले. माझी निळाई तिच्या गालावर पडली.

"सरू, बघ की! आभाळच हातात आल्यावानी वाटतंय."

"कोरडं आभाळ हाय गं ते," सरुबाई हसली. "घे की मग. पेले बी दोनच हायती. एक तुझा, एक माझा. पाऊस पडू दे, काम सुटू दे. म्या येती तुझ्या घरी. ह्यात लिंबाचं सरबत कर."

"खरंच येशील?"

"तुझ्या हातच्या पाण्यानं जगले म्या. सरबताला न्हाय म्हणंन व्हय?"

यात्रेत हातभर बांगड्या भरायच्या म्हणून चांगुणाने थोडे पैसे पदराच्या गाठीला बांधून आणले होते. तिने बांगड्या भरल्या नाहीत. आम्हां तिघांना घेतले आणि छातीशी धरून सगळी वाट चालत घरी नेले.

तिच्या घरात भिंतीतल्या कोनाड्यात मला जागा मिळाली. पाऊस पडला. तलावाचे काम थांबले. जो तो आपापल्या घरी, आपापल्या शेतात गेला. चांगुणा रोज मला पुसायची आणि दाराकडे बघायची. तिचा नवरा मच्छिंद्र म्हणायचा, "आगं, आपुनच पिऊ की ह्यात काहीतरी." ती म्हणायची, "न्हाय. पहिला पेला सरूचा."

एकदा ती सरुबाईला बोलवायला गेली. अंगणाबाहेरच उभी राहिली. सरुबाई दारात आली, मागे घरात कोण आहे ते बघून हळूच म्हणाली, "येती गं, पेरणी होऊ दे." पेरणी झाली. चांगुणा पुन्हा गेली. "येती, दसरा होऊ दे." दसरा झाला. तिसऱ्यांदा सरुबाई दारातच आली नाही. आतून कुणीतरी सांगितले की ती कामात आहे. मी तिथे नव्हतो, पण त्या दिवशी चांगुणा घरी येऊन माझ्यासमोर कितीतरी वेळ उभी राहिली. मच्छिंद्रने जेवायला हाक मारली, तरी तिला ऐकू गेली नाही.

वर्षे गेली. गावात सहकारी दूध संस्था निघाली. मच्छिंद्रने म्हैस घेतली. चांगुणा रोज सकाळी संस्थेत दूध घालायला जाऊ लागली. तिथे रांगेत सरुबाईही असायची. घरी आल्यावर चांगुणा मच्छिंद्रला सांगायची, "आज सरुबाईचं दूध अन् आपलं दूध एकाच कॅनमधी ओतलं." एवढे सांगताना तिचा चेहरा उजळायचा. मच्छिंद्र विचारायचा, "बोलली का काही?" मग ती म्हणायची, "बरं हाय ना, म्हणली." ती आता तिला 'सरू' म्हणत नव्हती. पण मला पुसायचे तिने सोडले नव्हते.

मग चौऱ्याऐंशी सालची दिवाळी आली. सरुबाईचा मुलगा ज्ञानोबा पुण्यात नोकरीला होता. तो बायकोला घेऊन गावी आला. ही सूनबाई शहरातली, शिकलेली. तिच्या ओळखीच्या बायकांना म्हणे एक नवाच छंद लागला होता. जुन्या रंगीत काचेच्या बरण्या, पेले, तेलाच्या कुप्या, सरबताचे जग जमवायचे, कपाटात मांडायचे आणि एकमेकींच्या घरी जाऊन पाहायचे. सूनबाईने गावात विचारपूस केली आणि सारे गाव माळे उपसायला लागले. कुणाला हिरवी बरणी सापडली, कुणाला तांबड्या काचेची अत्तरदाणी. जे काल अडगळ होते, ते आज लोक धुऊन पुसून ओसरीवर मांडू लागले. शेजारची कडूबाई धावत आली.

"चांगुणे, तुझ्या निळ्या जगाला पुण्यात लई मान हाय म्हणं!"

चांगुणा नुसती हसली. मला मात्र फार आनंद झाला. खोटे कशाला बोलू? भंगारातून आलेल्या मला पहिल्यांदाच वाटले की आपणही कुणीतरी आहोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरुबाई आली.

मित्रांनो, चांगुणाचा तो चेहरा मी कधी विसरणार नाही. हातातले पीठ तसेच ठेवून ती दाराकडे धावली. "या, या सरुबाई! बसा की." तिने सतरंजी अंथरली. सरुबाईच्या मागून सूनबाई आली. चांगुणाने मच्छिंद्रला लिंबे आणायला पिटाळले. आम्हां तिघांना तिने स्वच्छ धुतले. माठातले गार पाणी घेतले, साखर घातली, चिमूटभर मीठ घातले. कितीतरी वर्षांनी माझ्या पोटात सरबत आले. तिने हिरवा पेला भरून सरुबाईसमोर ठेवला, गुलाबी सूनबाईसमोर.

सूनबाईने पेला उचलला. पण तो तिने ओठांकडे नेला नाही, डोळ्यांकडे नेला. "काय सुंदर रंग आहे! आई, बघा ना, तळाची नक्षी बघा." पेला तिरका झाला आणि थोडे सरबत सतरंजीवर सांडले.

सरुबाईचे हात मांडीवरच होते.

"घ्या की सरुबाई. लिंबाचंच हाय."

"आज चतुर्थी हाय गं. उपास हाय मला."

"उपासाला लिंबू-साखर चालतंय की."

सरुबाईने दाराबाहेर पाहिले. वाटेने दोघे जण बोलत चालले होते. तिने पदर पुढे ओढला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "कुणी बघंल गं, चांगुणे."

"तळ्यावर तर समदं गाव बघत व्हतं, सरू."

सूनबाईने पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "मावशी, आम्ही खरं तर हा जग आणि हे पेले घ्यायला आलो होतो. तुम्ही म्हणाल ते देऊ. जरा रिकामे करून द्याल का?"

चांगुणाने सूनबाईकडे पाहिलेच नाही. ती सरुबाईकडे बघत राहिली. "ह्याच्यासाठी आलाव व्हय?"

सरुबाईने मान खाली घातली.

चांगुणाने हिरवा पेला उचलला आणि उभ्यानेच पिऊन टाकला. मग गुलाबी उचलला, तोही प्यायली. घोट घशाखाली जाताना मला ऐकू येत होता. माझ्यात उरलेले सरबत तिने अंगणातल्या शेवग्याच्या बुडाशी ओतले. तिने आम्हांला धुतले, पदराने पुसले, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळले. सूनबाईने पर्स उघडली.

"पैसे नगं," चांगुणा म्हणाली. "हे मी हिच्यासाठीच आणलं व्हतं. ज्याचं त्यानं न्यावं."

सरुबाईने दोन्ही हात पुढे केले. चांगुणाने मला त्या हातांत दिले नाही. तिने मला खाली सतरंजीवर ठेवले आणि स्वतः दोन पावले मागे सरून उभी राहिली. सरुबाईने वाकून मला उचलले. तिचे डोळे भरले होते. पण ती तशीच उंबरा ओलांडून गेली. लुगड्याच्या त्या तुकड्यातून मला शेवटचे एवढेच ऐकू आले की चांगुणा मच्छिंद्रला म्हणाली, "ते दार लाव जरा."

अशा रीतीने मी पुण्याला आलो. इथे माझ्याभोवती रंगीत काचेचे मोठे कुटुंबच आहे. जुनी काच जमवणाऱ्या मंडळातल्या बायका येतात, चष्मा लावून मला न्याहाळतात, माझे वय काढतात. पहिल्यांदा कुणी विचारले, तेव्हा सूनबाई जरा अडखळली. मग म्हणाली, "आमच्याकडे पिढीजात आहे." आता ती अडखळत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सरुबाई डोळे दाखवायला पुण्याला आली. ज्ञानोबाने तिला विचारले, "आई, चांगुणामावशी कशी हाय?" मला सारे ऐकू येत होते. सरुबाई म्हणाली, "दिसत न्हाय आता. आधी सकाळी यायची दूध घालाया. आता सांजच्याला येती. म्या सकाळी जाती न्हवं, म्हणून." एवढे बोलून ती कपाटाकडे पाठ करून बसली.

त्याच आठवड्यात मंडळातल्या चार-पाच बायका आल्या. त्यांतल्या एकीने मला हातात घेतले, उजेडात धरले आणि सरुबाईकडे वळून कौतुकाने विचारले, "आजी, हा तुमच्या आईचा का हो?"

मी वाट पाहिली. काचेलाही वाट पाहता येते, मित्रांनो. फार नाही, चांगुणाचे नाव तेवढे तिने घ्यावे, असे मला वाटत होते. सरुबाईने माझ्याकडे पाहिले. मग सुनेकडे पाहिले.

"व्हय," ती म्हणाली.

त्या बाईने मला अलगद फळीवर ठेवले आणि कपाटाचे दार लावले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जमवा, त्यांना नीट जपा, याचा मला आनंदच आहे. पण कपाटात ठेवण्याआधी ती वस्तू कुणाच्या घरातून आली, कुणी ती कुणासाठी घेतली होती, हे विचारा, आणि कुणी विचारले तर खरे सांगा. आणि माझे आणखी एक मागणे आहे. तुमच्यासाठी कुणी आनंदाने पेला भरून पुढे केला, तर बाहेरून कोण बघते आहे, ते बघू नका. खाली बसा आणि सगळा पिऊन मगच उठा.