हरिसिंगच्या पायाशी माझं वैर

मित्रांनो, मी जखमेवर बांधायच्या गॉजचा एक जुना गठ्ठा आहे. गठ्ठा कसला, आता माझं एकच पाकीट उरलं आहे. लालीबाईंच्या देवघरापाशी, स्टीलच्या डब्यात, उदबत्तीच्या पुड्याला टेकून मी पडलो आहे. दिसायला पांढरा, मऊ, गरीब. पण माझ्या पोटात एक वैर होतं. ते कसं फिटलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कापसाचा. इथल्याच काळ्या मातीत मी बोंडात होतो. दिग्रसच्या जिनिंगमध्ये सरकीपासून सुटलो, कुठे कुठे फिरून सूत झालो. मला मुद्दाम विरळ विणलं. उकळून उकळून माझ्यातला तेलकटपणा काढला, म्हणून तर पाणी असो, रक्त असो, मी चटकन पिऊन घेतो. मग घड्या घातल्या, पाकिटांत बंद केलं आणि निर्जंतुक केलं. त्या कोंडलेल्या वाफेत मी देवाकडे एकच मागितलं होतं, की माझ्या हातून कुणाचं तरी दुखणं हलकं होऊ दे.

आणि मी पडलो कुणाच्या हाती? हरिसिंगच्या!

फुलसावंगीजवळच्या एका तांड्यावर हरिसिंगचं घर. माणूस पन्नाशी ओलांडलेला, गळ्याने गोड, भजनी मंडळाचा विणेकरी. सप्ताहात वीणा खाली टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून उतरली की दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि जो घेईल त्याने आपला पहारा उभ्यानेच द्यायचा. एका वर्षीच्या सप्ताहात हरिसिंगला उभ्या उभ्या डुलकी लागली. तेव्हा शेजारच्या तांड्यावरचा रामसिंग भर मंडपात म्हणाला होता, "पाहा रे, वीना जागी हाये अन् मानूस झोपला! आता वीनेलेच इचारा, पहारा कोनाचा हाये?"

सगळा मंडप हसला. हरिसिंगने ते गिळलं, पण पचवलं नाही. पुढच्या वर्षी सगळ्यांत लांब पहारा आपण द्यायचा आणि रामसिंगचं तोंड कायमचं बंद करायचं, असं तो वर्षभर घोकत राहिला.

सप्ताह जवळ आला आणि कापसाची पऱ्हाटी काढलेल्या वावरात त्याच्या तळव्यात धसकट घुसलं. हरिसिंगला शुगर. पाय बधिर झालेला, त्यामुळे त्याला कळलंच नाही. त्याची बायको लालीबाई पायावर पाणी घालायला गेल्या, तेव्हा त्यांना ती भोकासारखी जखम दिसली. डॉक्टरांनी पाय पाहून औषध दिलं आणि बजावलं, की या पायावर उभं राहिलात तर पाय गमवाल. रोजच्या पट्टीसाठी उपकेंद्रातल्या उज्ज्वला सिस्टरांनी मला लालीबाईंच्या ओटीत घातलं.

"काकू, आधी सलाईननं धुवा," सिस्टर समजावत होत्या. "मग ही मलमाची जाळी ठेवा, ती चिकटत नाही. तिच्यावर गॉज. भिजला की बदलायचा. अन् सुकून चिकटला त ओढू नका, सलाईन टाका, भिजू द्या, आपोआप सुटते."

हरिसिंगने माझी एक घडी उलगडली, उजेडासमोर धरली आणि तिच्यातून सिस्टरांकडे पाहिलं. "हे पट्टी हाये का मच्छरदानी? आरपार तुमी दिसून राह्यल्या!" मग घरातल्या कापसाच्या गंजीकडे बोट दाखवून म्हणाला, "घरात येवढा कापूस पडला हाये अन् मी हे सरकारी जाळी बांधू? काहून?"

सिस्टर गेल्या आणि त्याने गंजीतला मूठभर कापूस जखमेत कोंबला. मलमाची जाळी चिपचिपते म्हणून फेकून दिली. माझ्या एका पाकिटाने विणेच्या तारा पुसल्या. त्याचंही मला वाईट वाटलं नसतं, देवाचं काम होतं ते. पण दुसऱ्या पाकिटाने त्याने मोटरसायकलचा आरसा पुसला आणि मला उकिरड्यावर भिरकावलं. मित्रांनो, ज्याला जखमेसाठी घडवलं त्याने आरसे पुसायचे! त्याच दिवशी मी ठरवलं, की एकदा तुझ्या पायाला लागू दे, मग बघ.

संधी लवकरच आली. सप्ताहाच्या आदल्या दिवशी सिस्टर पुन्हा आल्या, तर जखमेत कापसाचे तंतू रुतलेले, भोवती सूज आणि वास. चिमट्याने एकेक तंतू काढत त्या म्हणाल्या, "काका, पायात पेरनी केली का? उगवनार हाये का काही?"

लालीबाई पदर तोंडाला लावून हसल्या. सिस्टरांनी जखम धुतली आणि सलाईनमध्ये भिजवून मला तिथे ठेवलं. "मलमाची नवी जाळी उद्या घेऊन येते. तोवर हात लावू नका. अन् पहारा नाही म्हंजे नाही."

सकाळी हरिसिंग मंडपाकडे निघाला. लालीबाई दारात आडव्या झाल्या. "पहारा दुसऱ्याले द्या."

"कोनाले? रामसिंगले?"

"मले द्या."

हरिसिंग खो खो हसला. "बाईच्या गळ्यात वीना? उद्या म्हनशीन धोतर बी दे!"

लालीबाई दारातून बाजूला झाल्या. पण त्यांच्या डोळ्यांत जे चमकलं, ते मी ओळखलं. माझ्या पोटातलंच होतं ते.

मंडपाच्या मागे हरिसिंग थांबला. रामसिंगसमोर पायाला पट्टी बांधून कसं जायचं? तो खाली बसला आणि त्याने माझं टोक धरलं. तोवर मी सुकून कोरडाठक झालो होतो. जखमेतली ओल माझ्या धाग्याधाग्यांत वाळली होती आणि कडेची नाजूक कातडी माझ्या जाळीला चिकटली होती. माझा क्षण आला होता! आत कीर्तनकार बुवा क्षमेवर निरूपण करत होते, मृदंग घुमत होता, आणि मी मात्र सगळ्या धाग्यांनी घट्ट धरून बसलो. ओढ, म्हटलं. ओढ आणि ओरड.

त्याने ओढलं. मी कातडी घेऊनच निघालो.

तो ओरडला नाही. त्याने साधा "स्स" सुद्धा केला नाही. मला मुठीत चुरगाळून फेकलं आणि गुणगुणत मंडपात गेला. मित्रांनो, मी मातीत पडून थिजलो. ज्याला दुखतच नाही, त्याच्यावर सूड कसा घ्यायचा? माझा सगळा दंश वाया गेला होता, आणि त्या पायातून रक्त मात्र वाहत होतं.

हरिसिंगने वीणा गळ्यात घेतली, पाय थिरकवत अभंग धरला. समोर रामसिंग टाळ वाजवत उभा होता. त्याची नजर खाली गेली आणि टाळ थांबले.

"हरिसिंगभाऊ! रगत!"

शेणाने सारवलेल्या जमिनीवर लाल ठशांचा फेर उमटला होता. हरिसिंगने खाली पाहिलं. ठसे आपलेच आहेत हे त्याला पाहूनच कळलं, आणि तो पहिल्यांदा पांढरा पडला.

"आन इकडं," रामसिंगने हात पुढे केले.

"तुह्या हातात? पाय तुटला तरी चालन!"

वीणा खाली ठेवता येईना, रामसिंगला देता येईना, आणि ठसे वाढतच चालले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने लालीबाई सरळ चालत आल्या आणि नवऱ्यासमोर मान पुढे करून उभ्या राहिल्या.

"त्यायले द्या, नाही त मले द्या. तिसरं कोनी नाही इथं."

हरिसिंगने बुवांकडे पाहिलं. बुवा शांतपणे म्हणाले, "वीणा गळा विचारते बाबा, धोतर-लुगडं नाही."

हरिसिंगने मान खाली घातली आणि वीणा लालीबाईंच्या गळ्यात घातली. लालीबाईंनी पदर खोचला, तार छेडली, आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता बसा. पाय वर ठेवा. अन् टाळ्या वाजवा!"

हसला तो रामसिंग नाही. मीच हसलो, तिथे मातीत, रक्ताने माखलेला. आपापले अपमान मी आणि लालीबाईंनी उगाच पोटात ठेवले नव्हते!

त्या दिवसापासून पट्टी बदलायची ती लालीबाईंनीच. आधी सलाईन, मग मलमाची जाळी, मग मी. हरिसिंगने कधी हात पुढे केला, तर त्या एवढंच म्हणायच्या, "मच्छरदानीले हात लावू नका." जखम भरायला फार दिवस लागले, पण पाय वाचला. यंदाच्या सप्ताहात लालीबाईंचा पहारा सगळ्यांत लांब होता, आणि हरिसिंग खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होता. रामसिंग त्याच्या शेजारी होता. तोही लालीबाईंना टाळाची साथ देत होता.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. ओली जखम झाकायला मला हाक मारा, शेतातला कापूस नको. मी सुकलो असेन तर आधी मला भिजवा. ओढाल, तर मी आजही सोडणार नाही. आणि ज्याच्या पायाला दुखत नाही, त्याचे तळवे रोज कुणीतरी बघा, कारण तो स्वतः सांगणार नाही.

माझ्या या शेवटच्या पाकिटावर वापराच्या मुदतीची तारीख छापली आहे. लालीबाई रोज दिवा लावतात, मग हरिसिंगचे दोन्ही तळवे उजेडात फिरवून बघतात आणि डबा न उघडताच उठतात. हरिसिंगशी माझं वैर फिटलं, आता ते उरलं आहे फक्त त्या जखमेशी. ती पुन्हा यावी आणि मी तिला लागावं, असं मला वाटत नाही. माझी तारीख या डब्यातच उलटून जावी, आणि त्या जखमेला माझी कधीच गरज पडू नये.