वैद्याच्या सुरकुत्या

शुक्रवारच्या प्रयोगाआधी मी सर्वेशच्या कपाळावर तीन आठ्या काढल्या आणि माझ्या कपाळावरच्या तीन आठ्या गेल्या.

आरशात आम्ही दोघेही दिसत होतो, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. मी बोट फिरवून पाहिलं. कपाळ शहाळ्याच्या मलईसारखं गुळगुळीत लागलं. मग मी त्याच्या नाकापासून ओठापर्यंत दोन रेघा ओढल्या. माझे गाल वर सरकले.

"झालं, काका?" सर्वेशने विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

सावंतवाडीच्या नाट्यगृहात आग्नेला टीचरांच्या गायनवर्गाची मुलं इटालियन ऑपेरा करत होती. ऑपेरा विनोदी होता. एका म्हाताऱ्या वैद्याला त्याने सांभाळलेल्या तरुण मुलीशी लग्न करायचं असतं. ती आणि तिचा प्रियकर मिळून त्याची फजिती करतात. इटालियन कोणालाच येत नव्हतं. मुलांनी सगळे शब्द देवनागरीत लिहून पाठ केले होते. मुलीचं काम रेमी डिसोझा करत होती. म्हातारा वैद्य होता सर्वेश राऊळ, वय बावीस, बांद्याचा. एवढा खर्जातला आवाज वर्गात दुसऱ्या कोणाचा नव्हता. मी रंगवायला होतो. तीस वर्षं दशावतारात स्त्रीपार्ट केल्यावर आणि रंगवल्यावर माणसाला चेहऱ्यांपलीकडे फारसं काही येत नाही. माझं वय तेव्हा सदुसष्ट होतं.

प्रयोग संपल्यावर मी सर्वेशच्या तोंडाला खोबरेल तेल लावलं. रंग निघाला. सुरकुत्या राहिल्या.

आग्नेला टीचर येऊन बघून गेल्या. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "उद्या वेळ वाचेल."

शनिवारी मी त्याचे केस पांढरे केले आणि डोळ्यांखाली पिशव्या काढल्या. शेवटच्या बटेवर सफेदा लावेपर्यंत माझे केस काळे झाले होते. मी उठलो तेव्हा खुर्चीचा हात धरला नव्हता, हे नंतर माझ्या लक्षात आलं. सर्वेश मात्र रंगमंचाच्या पाच पायऱ्या कठडा धरून चढला.

दुसऱ्या अंकात वैद्य कपाटात लपतो आणि दार उघडताच बाहेर पडतो. सर्वेश पडला आणि त्याला उठता येईना. लोक हसले. तो हाताने जमीन चाचपू लागला तसे जास्तच हसले. रेमी त्या वेळी दुसऱ्या बाजूला उभी राहून गाणार होती. ती गाता गाता आली, त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं, आणि पुढची ओळ त्याला धरूनच गायली. लोकांना तेही विनोदी वाटलं.

मध्यंतरात तो माझ्याजवळ येऊन बसला.

"काका, या गुडघ्याला तुम्ही काय करायचात?"

"कोमट तिळतेल. झोपताना."

"थांबतं?"

"पावसाळ्यात नाही थांबत."

त्याने मान हलवली. तो माझ्यावर रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो औषध नीट समजून घेत होता, किती चमचे, डावा गुडघा आधी की उजवा.

त्या दिवशी मी मोती तलावाला सबंध फेरी मारली, आणि मग आणखी एक. कॉलेजच्या दोन मुलींनी मला वाट विचारली तेव्हा "अरे, ऐक ना" म्हणून हाक मारली. मी त्यांना लांबची वाट सांगितली, म्हणजे थोडं सोबत चालता येईल. हे सांगायला लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

रविवारचा प्रयोग दुपारी चारला होता. सर्वेश दोन वाजताच आला. त्याच्या हातात एक कागद होता आणि तो त्याने डोळ्यांपासून लांब धरला होता.

"काका, उद्या पणजीच्या संगीत शाळेत माझी चाचणी आहे. पास झालो तर चार वर्षं गाणं शिकवणार. राहणं, जेवण, सगळं त्यांचं." त्याने कागद आणखी लांब नेला. "वय पंचवीसच्या आत पाहिजे म्हणतात. दाखल्यावर बावीस आहे. पण ते तोंडही बघतील ना?"

"बघतील."

"मग आज जरा उलटं करता येईल का?"

मी पेन्सिल उचलली. त्याला जवान करायचं, एवढंच काम होतं. आयुष्यभर मी चाळिशीतल्या पुरुषांना सोळा वर्षांच्या राजकन्या करून बसवलं होतं. पण पेन्सिल बोटांत कशी धरायची ते मला आठवेना. माझ्या हाताची कातडी ताणलेली, नखं गुलाबी. बाविशीत माझ्या हातांनी अजून कोणाला रंगवलं नव्हतं. मी त्याच्या गालावर एक वाकडी रेघ ओढली. तिने काहीच झालं नाही.

सर्वेशने पेन्सिल माझ्याकडून घेतली. ती त्याने तीन बोटांत तिरकी धरली, अगदी मी धरायचो तशी. टोक तळहातावर घासून पाहिलं. हाताला कंप होता, पण कंपाच्या आत हात ठाम होता.

"बसा," तो म्हणाला. "मी काढतो तुमच्या तोंडावर. माझ्या जातील."

मी खुर्चीत बसलो. त्याने माझी हनुवटी वर केली.

"पाहिजेत ना तुम्हाला परत?"

मी हो म्हणायला हवं होतं. शब्द एक अक्षराचा आहे. मी आरशात बघत राहिलो. तो पेन्सिल धरून थांबला. मग बाहेर घंटा झाली आणि आग्नेला टीचरांनी दारातून सांगितलं, "सगळे विंगेत चला."

"असू दे," सर्वेश म्हणाला आणि पेन्सिल झाकण लावून डब्यात ठेवली.

तिसऱ्या अंकाच्या शेवटी वैद्याला कळतं की सगळ्यांनी मिळून आपल्याला फसवलं. तो सगळ्यांना माफ करतो. गाणं हलकंफुलकं आहे. शुक्रवारी लोकांनी त्यावर टाळ्यांचा ठेका धरला होता. रविवारी त्याने ते खुर्चीत बसून गायलं. आवाज जुन्या विहिरीतून यावा तसा येत होता. पुढच्या रांगेतला एक माणूस हसायला लागला आणि मध्येच थांबला. कोणी ठेका धरला नाही. रेमीला मुंडावळ्या बांधून नवऱ्याशेजारी हसत उभं राहायचं होतं. ती उभी राहिली, हसणं तिला जमलं नाही.

पडदा पडल्यावर रंगपटात एक बाई आली. निळी सुती साडी, हातात कापडी पिशवी, पायांना एसटी स्टँडवरून चालत आल्याची लाल धूळ. सर्वेशचं गाणं ऐकायला ती पहिल्यांदाच आली होती. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो होतो. दिसायला एक बाविशीचा, एक सदुसष्टचा. ती माझ्याकडे बघेल म्हणून मी अंग चोरून घेतलं.

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तोंडाचा काय करून घेतलंस रे?" ती सर्वेशला म्हणाली.

"आई, ते निघत नाही."

"निघता सगळा."

तिने पदराचं टोक जिभेला लावलं, त्याची हनुवटी धरली आणि नाकाशेजारची रेघ पुसायला सुरुवात केली. लहान मुलाचं तोंड पुसतात तशी, जरा जोरात. रेघ निघाली. खाली बाविशीचा गाल दिसला. आणि तिच्या स्वतःच्या गालावर, नाकापासून ओठापर्यंत, तीच रेघ उमटली.

सर्वेशने ते पाहिलं. त्याने तिचं मनगट धरलं. "आई, नको."

"गप रव. हलू नको." तिने मनगट सोडवून घेतलं आणि दुसऱ्या गालावरची रेघही पुसली. तीही तिच्याकडे गेली.

मी उठून उभा राहिलो.

"बाई," मी म्हणालो, "त्या सुरकुत्या माझ्या आहेत."

"असांदेत," ती मागे न बघता म्हणाली. "ही पिशवी धरा."

मी दोन्ही हातांनी पिशवी धरली. तिने पदराचं टोक पुन्हा ओलं केलं आणि त्याच्या डोळ्यांकडे वळली.