राजाच्या गाण्यासाठी घासलेला सूर

दिनांक १८ नोव्हेंबर १९७६, गुरुवार, सायंकाळी सव्वासात वाजता कुवेतमधील सलवा येथील एका दिवाणखान्यात चौदा माणसे बसली होती आणि त्यांपैकी एकाचेही लक्ष माझ्याकडे नव्हते.

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. रुग्णालयात क्ष-किरण यंत्रे दुरुस्त करणाऱ्या लक्ष्मीकांतांनी मला पुण्याहून आणले, ते पत्नी नीलाताईंच्या गाण्यासाठी. दर गुरुवारी ते वाजवीत, त्या गात आणि निम्मी वाहवा माझी असे.

त्या दिवशी नीलाताईंनी आपल्यासोबत वॉर्डात काम करणाऱ्या स्कॉटिश परिचारिका मोरॅगबाई यांना बोलावले होते. त्या डोळे मिटून, कोणत्याही साथीविना, आजीकडून शिकलेली राजांची गाणी गायल्या. नीलाताई अर्थ सांगत होत्या. एका गाण्यात राजा फेरीवाल्याच्या वेषात एका झोपडीत उतरतो. म्हातारी त्याला जात्यावर बसवते आणि तो राजा आहे हे कळल्यावरही म्हणते, आधी दळण संपव!

सगळे खळखळून हसले. रत्नागिरीचे हमीदभाई म्हणाले, "काय लक्ष्मीकांत, आज तुझ्या पेटीचा रोजा वाटतं!"

माझा जळफळाट झाला. माझ्या गाण्यांतही राजे होते, पण ते सदैव घोड्यावर. जात्यावर बसलेला एकही नव्हता.

लक्ष्मीकांतांनी साथ धरून पाहिली. परंतु मोरॅगबाईंचा एक सूर माझ्या दोन पट्ट्यांच्या मधोमध पडे. शुक्रवारी लक्ष्मीकांतांनी मला उघडले आणि एका पितळी पात्याच्या मुळाशी कानस फिरवून तो सूर उतरवला. पुढच्या गुरुवारी राजा माझ्या साथीने दळू लागला. मी फुशारून गेले.

मग नीलाताई गायला बसल्या आणि अडखळल्या.

"अहो, ह्या पट्टीला काय झालं?"

"जरा घासली. मोरॅगबाईंचा सूर बसावा म्हणून."

"आणि माझा कुठं बसवायचा?"

लक्ष्मीकांत ओशाळले. सूर पुन्हा चढावा म्हणून त्यांनी त्याच पात्याचे टोक घासले. आधीच पातळ झालेले पाते तुटले.

नीलाताईंनी गाणे सोडले नाही. त्या तुटलेल्या सुराची जागा आली की त्या एकट्याच गातात, मोरॅगबाईंसारख्या. नेमक्या तिथेच सगळे श्वास रोखून ऐकतात. मित्रांनो, मला त्या जागेचा फार हेवा वाटतो. पाहुण्याचा मान जरूर ठेवा. पण त्यासाठी घरच्या सुरावर कानस चालवू नका.

सध्या माझ्या सदतीस पट्ट्यांपैकी छत्तीस वाजतात.