चौथीची घागर

चित्रात पाच बायका आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सच्या कुणा चित्रकाराने त्या पाण्याच्या हंड्यावर काळ्या रंगात काढल्या. झऱ्याच्या दगडी नळाकडे येणाऱ्या दोघींच्या डोक्यावर चुंबळ आणि तिच्यावर आडवी, रिकामी घागर. भरून परतणाऱ्या दोघींची घागर उभी. रांगेतली चौथी मात्र परत निघाली आहे आणि तिची घागर आडवी आहे. संग्रहालयाच्या सूचीत तिच्याबद्दल दोनच शब्द आहेत: ‘चित्रकाराची चूक’.

मी हिंगोलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. रिकामी घागर आडवी का ठेवतात, हे मी मोजत होते. फळीवर चुंबळ बांधली आणि फळी हळूहळू कलती केली. उभी घागर नऊ अंशांना पडली, आडवी एकवीसपर्यंत टिकली. लेख यावरच होता. त्याच्यावर माझी बढती अडली होती आणि पुण्याच्या एका नियतकालिकाच्या संपादकांनी तो घेतो असं कळवलंही होतं.

प्रयोगातली घागर नीलाबाईंची. त्या प्रयोगशाळा झाडायला औंढ्याजवळच्या तांड्यावरून येतात. चित्र बघून त्यांनी चौथीवर बोट ठेवलं.

"हिला काय झालं?"

"चित्रकार चुकला म्हणतात."

"चुकला काहून? पाणी न्हाई भेटलं तिला."

"नळ चालू आहे, नीलाबाई. शेजारणीची घागर भरली की."

"नळ चालू असून बी भेटत न्हाई, मॅडम. तुमी कॉलनीतल्या, तुमाला काय ठाव? गावच्या विहिरीवर आमाला म्हणायचे, आधी गावाचं, मग तांड्याचं. गावाचं कधी सरायचंच न्हाई."

"मग रडत परत?"

"रडून घागर भरती व्हय? दुसऱ्या विहिरीवर जायचो. हिची मान बघा की. बराबर सरळ हाय."

माना मी मोजल्याच नव्हत्या. त्या दुपारी मोजल्या. बाकीच्या चारजणींच्या चार ते सहा अंश पुढे झुकलेल्या, हिची शून्य. घागर चुकून आडवी झाली असेल, तर मानही नेमकी हिचीच वेगळी का? चौथी ही चूक नव्हे, तिला पाणी मिळालेलं नाही, असा मी लेख बदलला आणि तळटीप दिली: नीलाबाई रूपसिंग आडे, तोंडी माहिती.

संपादकांचा फोन आला.

"संध्याताई, लेख उत्तम. तेवढी तळटीप काढा. छापील संदर्भ द्या."

"छापलेल्यांपैकी कुणी हे सांगितलेलं नाही."

"मग तर्क तुमच्या नावावर घ्या. कुणाला कळतंय?"

"मला."

"अहो, झाडणाऱ्या बाईंचा संदर्भ बघून लोक हसतील."

"हसू द्या. आधी माना मोजायला सांगा."

त्यांच्या सांगण्याप्रमाणे मी तळटीप काढली. नीलाबाईंचं नाव लेखिका म्हणून शीर्षकाखाली घेतलं, माझ्या नावाच्या आधी. चार दिवसांनी लेख परत आला.

नीलाबाई टेबल पुसत होत्या. "माझ्या नावापायी आला ना? काढा की. तुमची बढती जाईल."

"जाऊ द्या."

फडकं थांबलं. "येडं लेकरू हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग विचारलं, "आता?"

"नागपूरला पाठवते."

"तिथं भरू देतील?"

"नाही दिलं तर पुढची विहीर."

त्या माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. मी शीर्षकाखालचं ‘नीलाबाई रूपसिंग आडे’ एकदा त्यांना वाचून दाखवलं आणि लेख पाठवला.